सायफायवाल्यांचं सोवळं

गेल्या गणपतीत आत्याकडे जेवणं उरकल्यावर भाच्यानं टीव्हीवर एक जुना कृष्णधवल सिनेमा लावला. चपट्या डोक्याचा, मानेत खिळे ठोकलेला तो ठोंब्या राक्षस पडद्यावर आला आणि विडा तोंडात टाकता टाकता आत्या म्हणाली, "अरे, हा तर फ्रँकेनस्टाइन!"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "आत्या, फ्रँकेनस्टाइन हे त्याला बनवणाऱ्याचं नाव. राक्षसाला नावच नाही." हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलंय याची मोजदाद नाही. ऐकणारा बहुतेक वेळा "असं का, बरं" म्हणून विषय बदलतो. आत्यानं नाही बदलला. ती म्हणाली, "नावच नाही? म्हणजे बारसंच केलं नाही कुणी त्याचं? का रे?"

मी गप्प. वीस वर्षं लोकांची चूक सुधारतोय आणि हा 'का' मला एकदाही पडला नव्हता.

आम्हा विज्ञानकथावेड्यांची जमात मोठी चिडखोर. स्टार ट्रेक आणि स्टार वॉर्स यांची गल्लत करणारा माणूस आम्हाला किराणा आणि जयपूर ही एकाच घराण्याची दोन नावं समजणाऱ्यासारखा वाटतो. स्टार ट्रेकमधल्या टोकदार कानांच्या मिस्टर स्पॉकला कुणी 'डॉक्टर स्पॉक' म्हटलं की आम्ही लगेच सांगतो, डॉक्टर स्पॉक हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ, १९४६ साली त्यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं, त्यांचे कान टोकदार नव्हते. 'त्या घटनेला कित्येक प्रकाशवर्षं लोटली' असं कुठे छापून आलं तर आमचा दिवस खराब. प्रकाशवर्ष हे अंतर आहे हो, साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर! आणि हवा नसलेल्या अंतराळात स्फोट झाल्यावर कानठळ्या बसवणारा आवाज काढणाऱ्या दिग्दर्शकांबद्दल तर बोलायलाच नको.

आत्याच्या प्रश्नानंतर मी या कुरकुरीचा जरा हिशेब मांडला. माझ्या लक्षात आलं की आमची जवळजवळ सगळी चिडचिड नावं, आकडे आणि संवाद यांच्यावर खर्च होते. गोष्ट काय म्हणते हे कुणी उलटंपालटं केलं तर आम्ही फारसे हलत नाही. कित्येकदा ते उलटंपालटं करणारे आम्हीच असतो.

फ्रँकेनस्टाइनचंच घ्या. मेरी शेलीनं १८१६च्या उन्हाळ्यात ही गोष्ट लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ साली लंडनमध्ये पुस्तक निघालं, त्यावर तिचं नावही नव्हतं. त्यातला व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन 'डॉक्टर' नाही, इंगोलश्टाटच्या विद्यापीठातला विद्यार्थी आहे. (हीही आमची एक आवडती दुरुस्ती.) मानेतले खिळे पुस्तकात नाहीत, ते १९३१च्या सिनेमानं ठोकले. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण व्हिक्टरनं नाव का ठेवलं नाही? कारण त्या जिवानं डोळे उघडले त्याच रात्री तो घाबरून खोलीतून पळाला. पुढे तो त्याला सैतान म्हणतो, दुष्टात्मा म्हणतो, पण नाव देत नाही. नाव दिलं की नातं आलं आणि नातं आलं की जबाबदारी आली.

आपल्याकडे मुलाच्या नावाला बापाचं नाव जोडायची रीत आहे, शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत. व्हिक्टरनं जे द्यायचं टाळलं ते दोनशे वर्षांत लोकांनीच, न ठरवता, त्या पोराला देऊन टाकलं. लोकांनी त्याला फ्रँकेनस्टाइन म्हटलं. त्याला चूक म्हणायची असेल तर म्हणा, पण या चुकीत मेरी शेलीच्या गोष्टीचा गाभा शाबूत राहिलाय. उलट नाव बिनचूक सांगणारे आमच्यातले किती तरी लोक शेवटी तात्पर्य काढतात की 'माणसानं निसर्गाशी खेळू नये'. पश्चिमेत जनुकबदल केलेल्या पिकांना 'फ्रँकेनफूड' म्हणायची पद्धत याच वाचनातून आली. वांग्यात जनुक घालावं की घालू नये हा स्वतंत्र वाद आहे, त्यात मला इथे पडायचं नाही. पण पुस्तकातला तो जीव स्वतःच्या तोंडानं तक्रार करतो, ती मला जन्माला का घातलंस एवढ्यावर थांबत नाही. घातलंस तर सांभाळलं का नाहीस, असं तो विचारतो. ते वाचून कुणी 'प्रयोगच करू नका' एवढाच धडा घेतला, तर त्यानं नाव बरोबर सांगून काय मिळवलं?

संवादांच्या चुकांचं तर मला आता हसू येतं. 'बीम मी अप, स्कॉटी' हे वाक्य स्टार ट्रेकच्या मूळ मालिकेत याच शब्दांत कुणीच म्हणत नाही. 'ल्यूक, आय ॲम युअर फादर' हेही तसं नाही, १९८०च्या स्टार वॉर्स सिनेमात वाक्य 'नो'नं सुरू होतं. बरं मग? आपल्याकडे चार माणसांत कुणीही गब्बरची नक्कल करतो तेव्हा हमखास 'अरे ओ सांबा, कितने आदमी थे' म्हणतो. शोलेत तो प्रश्न कालियाला आहे. सांबाला विचारलंय ते सरकारनं आपल्यावर किती इनाम ठेवलंय ते. आजवर या कारणावरून कुणी कुणाला पंगतीतून उठवल्याचं ऐकलं नाही. तोंडी परंपरेत वाक्यं अशीच घासून गुळगुळीत होतात. ज्या वाक्याची मोडतोड होत नाही ते लोकांच्या ओठांवर आलेलंच नसतं.

आता आमच्या न्यायबुद्धीचा एक नमुना. पार्सेक हे खगोलशास्त्रातलं अंतराचं एकक, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. बाहेरच्या कुणी ते वेळ म्हणून वापरलं तर आम्ही त्याला सोलून काढतो. पण १९७७च्या स्टार वॉर्समध्ये हान सोलो आपलं यान किती वेगवान आहे हे सांगताना फुशारकी मारतो की अमुक फेरी आपण बारा पार्सेकच्या आत पूर्ण केली. सरळसरळ अंतर आणि वेळ यांची गल्लत. इथे भक्तमंडळी काय करतात? तो मार्ग कृष्णविवरांच्या शेजारून जातो, जो जितका धाडसी तो तितका जवळून जातो आणि त्याचा रस्ता तितका लहान होतो, अशी उपपत्ती त्यांनी उभी केली. २०१८ साली एका अख्ख्या सिनेमात ती फेरी दाखवून अंतराचा हिशेब जुळवून देण्यात आला. एखाद्या कठीण ओवीवर टीकाकारांनी लिहावं तसं हे भाष्य. गंमत म्हणजे मूळ पटकथेतच लिहून ठेवलंय की सोलो धादांत थाप मारतोय आणि समोरच्या म्हाताऱ्याला ते कळतंय. आपला माणूस साधा थापाड्या आहे हे मान्य करण्यापेक्षा आम्हाला अवकाशाची भूमिती वाकवणं सोपं गेलं!

म्हणून मी याला सोवळं म्हणतो. सोवळ्यात वस्तू स्वच्छ आहे की नाही याला फार महत्त्व नसतं, शिवलं कोणी याला असतं. 'सायन्स फिक्शन'चं लघुरूप असलेल्या 'सायफाय' या शब्दाचीही तीच कथा. १९५४ साली फॉरेस्ट ॲकरमननं 'हाय-फाय'च्या चालीवर तो शब्द काढला. हा ॲकरमन कोणी उपरा नव्हता, त्या पंथातला बुजुर्ग चाहता होता. तरी सोवळ्यातल्या मंडळींनी कित्येक वर्षं हा शब्द बाटलेला मानला. खरा वाचक म्हणे 'एसएफ' म्हणतो. आज मराठी घरातली शाळकरी पोरंसुद्धा 'सायफाय' म्हणतात, आणि या लेखाच्या शीर्षकात मीही तो बाटलेला शब्दच घेतलाय.

वाचकांच्या एका गटाच्या बैठकीत मी हे सोवळं उघडं पाहिलं. नासाचा टी-शर्ट घातलेली एक कॉलेजची मुलगी पहिल्यांदाच आली होती. ती बसायच्या आत आमच्यातल्या एकानं हसत हसत विचारलं, "मग सांग बघू, चंद्रावर माणसं उतरलेली शेवटची मोहीम कोणती?" तिला आलं नाही. (अपोलो १७, डिसेंबर १९७२.) तिनं तासभर ऐकून घेतलं, पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्या वेळी मीही हसलो होतो, हे इथे सांगून टाकलेलं बरं. विज्ञानकथेचा पाया मेरी शेली नावाच्या एका अठरा वर्षांच्या मुलीनं, कुणाला कसलाही दाखला न दाखवता घातला, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आणि दाखल्यांचंच बोलायचं तर मराठीतलं उदाहरण याच्या नेमकं उलटं आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. तोवर विश्वरचनाशास्त्रात जगभर नाव झालेला माणूस, पण कथेच्या दारात यायचं तर ते नाव बाहेर ठेवून आला. परीक्षकांनी कथा वाचली. आम्ही मात्र वाचकाचं ओळखपत्र मागतो.

एवढं वाचून कुणाला वाटेल, हा माणूस आता 'चुकू द्या की लोकांना' म्हणून मोकळा होणार. तसं नाही. काही चुकांवर मी अजूनही भांडतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त भांडतो. मी फक्त चाळणी बदलली आहे. जी चूक झाली तरी गोष्ट उभी राहते ती सोडून द्यावी. ज्या चुकीनं गोष्टीतलं माणूसच नाहीसं होतं ती सोडू नये.

ज्यूल व्हर्नच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या पाणबुडीच्या कादंबरीत या दोन्ही जाती शेजारी शेजारी सापडतात. शीर्षकातल्या वीस हजार लीग म्हणजे समुद्राची खोली, असा सार्वत्रिक समज आहे. फ्रेंच लीग चार किलोमीटरची धरली तर होतात ८०,००० किलोमीटर. इतकं खोल जायचं तर पृथ्वीतून सहा वेळा आरपार निघावं लागेल! समुद्र सर्वांत खोल जिथे आहे तिथे अकरा किलोमीटरच्या आसपास. ते अंतर पाण्याखालून केलेल्या प्रवासाचं आहे. पण ही चूक निरुपद्रवी. तसंच ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेतला तो फुगा. कादंबरीत फिलिआस फॉग फुग्यातून उडतच नाही, फुगा १९५६च्या सिनेमानं आणला. आणला तर आणला, दिसतो छान.

पण त्या पाणबुडीचा कॅप्टन निमो कोण? शंभरात नव्वद जणांच्या डोळ्यांपुढे दाढीवाला गोरा साहेब येतो, कारण पडद्यानं तोच दाखवला. १९५४च्या गाजलेल्या सिनेमात जेम्स मेसन होता. व्हर्ननं मात्र १८७५मध्ये पूर्ण झालेल्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत निमोचं मूळ उघड केलं. तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात लढलेला, इंग्रजांनी ज्याचं कुटुंब संपवलं असा. आधी व्हर्नच्या मनात तो पोलिश होता, रशियनांनी घरदार बुडवलेला. पण प्रकाशकाला रशियातला बाजार गमवायचा नव्हता म्हणून पहिल्या पुस्तकात त्याचं मूळ झाकून ठेवलं गेलं. (टिपू सुलतानाशी त्याचं नातं असल्याचंही व्हर्न सांगतो. बुंदेलखंडच्या राजघराण्याचा म्हैसूरशी संबंध कसा लागला ते व्हर्नलाच ठाऊक. चुका लेखकांनाही होतात, हे यानिमित्तानं नोंदवतो.) निमो गोरा केला की त्याचा राग हा एका लहरी श्रीमंताचा विक्षिप्तपणा ठरतो. जहाजं बुडवणारा वेडा शास्त्रज्ञ, एवढंच उरतं. झाशीच्या मुलखातला माणूस म्हणून वाचला की त्याच्या प्रत्येक तुटक वाक्याला कारण सापडतं. २००३ साली एका सिनेमात नसीरुद्दीन शाहनं निमो केला तेव्हा पुस्तक न वाचलेल्यांना तो बदल वाटला. भारतीय निमो ही नवी टूम, असं आपल्याकडचेच लोक म्हणाले. इथे दुरुस्ती करायची नाही तर कुठे?

'रोबॉट' हा शब्द माझ्या मते याहून मोठा बळी. चेक नाटककार कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून तो आला आणि सुचवला त्याच्या चित्रकार भावानं, योसेफनं. 'रोबोता' म्हणजे वेठ. आपल्या भाषेत सांगायचं तर रोबॉट म्हणजे वेठबिगार. नाटकातले रोबॉट धातूचे नाहीतच, ते रसायनांतून घडवलेल्या मांसाचे आहेत, दिसायला माणसासारखे आणि राबायला माणसापेक्षा स्वस्त. ते बंड करतात. ही गोष्ट यंत्रांची कमी आणि कारखान्याची जास्त होती. जगानं काय केलं? पत्र्याचा, दिवे लुकलुकणारा खुळखुळा केला. चापेक स्वतः यावर वैतागला होता. १९३५ साली त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहून आपले रोबॉट पत्र्याचे आणि दातेरी चाकांचे नव्हते असा खुलासा केला. कुणी ऐकलं नाही. 'रोबॉटमुळे नोकऱ्या जातील का' असा मथळा आज वाचताना मला वाटतं की हे वाक्य एकदा 'वेठबिगारामुळे नोकऱ्या जातील का' असं वाचून पाहावं. म्हणजे वेठीला धरणारा कोण, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

आणि मग विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्हचे तीन नियम. रोबॉटनं माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं, याच उतरत्या क्रमानं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर कुठेही चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते तीन नियम बसवून टाकायचे, झालं." म्हणणारा बहुधा इंजिनियर असतो आणि स्वतःला जाणकार समजतो. १९४२ साली ज्या कथेत हे नियम पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आले, ती कथाच मुळात नियम अडकून पडल्याची आहे. बुध ग्रहावर रोबॉटला सेलेनियम आणायला पाठवतात. आज्ञा सहज बोलता बोलता दिलेली, म्हणून ढिली. रोबॉट महागडा, म्हणून स्वतःला जपण्याचा नियम जरा घट्ट केलेला. जिथे दोन्हींची ओढ सारखी होते तिथे तो सेलेनियमच्या तळ्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो, झिंगल्यासारखं बरळत. शेवटी एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो तेव्हा पहिला नियम जागा होतो आणि रोबॉट भानावर येतो. नियम कसे फसतात हे दाखवायला लिहिलेल्या कथा लोक नियमांची जाहिरात म्हणून सांगतात! युरोपीय संसदेनं फेब्रुवारी २०१७मध्ये यंत्रमानवांविषयी ठराव केला, त्यात असिमॉव्हच्या नियमांचा चक्क उल्लेख आहे. पण तिथल्या मसुदाकारांना निदान गोष्ट कळली होती. त्यांनी लिहिलं की हे नियम यंत्राच्या संकेतावलीत उतरवता येत नाहीत, म्हणून ते यंत्र बनवणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना लागू आहेत असं समजावं. पुन्हा व्हिक्टरच.

आपल्याकडच्या दोन सवयींवरही बोललं पाहिजे. पहिली म्हणजे विज्ञानकथेला 'खरं ठरलं का' या एकाच काट्यानं तोलणं. व्हर्ननं पाणबुडीचं भाकीत केलं म्हणतात. त्याच्या कादंबरीच्या कितीतरी आधी, १८०० साली, रॉबर्ट फुल्टननं 'नॉटिलस' नावाचीच पाणबुडी फ्रान्समध्ये चालवून दाखवली होती. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कनं कादंबरीत दळणवळणाचे उपग्रह आधीच सांगितले म्हणतात. तो १९४५चा तांत्रिक लेख होता, गोष्ट नव्हती. यालाच जुळणारी आपली घरगुती आवृत्ती म्हणजे 'हे सगळं आपल्या पुराणांत आधीच होतं'. पुष्पक विमानाच्या गोष्टीत कुबेराची वस्तू हिसकावून घेणारा रावण आहे, हरणाऱ्या-जिंकणाऱ्यांचे हेवेदावे आहेत. त्यातून फक्त उड्डाणाचा पुरावा काढणारा आणि व्हर्नमधून फक्त पाणबुडी काढणारा, हे दोघे मला एकाच बाकावरचे वाटतात. दोघांनीही गोष्टीला पेटंटच्या अर्जासारखं वाचलंय.

दुसरी सवय जास्त गोड आणि म्हणून जास्त चिवट. विज्ञानकथा म्हणजे मुलांना विज्ञान शिकवण्यासाठी साखरेत घोळवलेली गोळी. ग्रंथालयात ती बालविभागात, बक्षीस समारंभात आठवीच्या हुशार मुलाच्या हातात. मोठ्यांनी वाचायचं ते 'खरं' साहित्य. नारळीकर नाशिकच्या २०२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी कपाटांची मांडणी फार बदललेली दिसत नाही. त्यांच्या आधी मराठीत काही नव्हतंच, असंही सहज बोललं जातं. श्री. बा. रानड्यांची 'तारेचे हास्य' ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. कुणी 'लाइट इयर' म्हणजे वेळ म्हटलं तर उसळणारे आम्ही, आमच्याच भाषेतली साठ वर्षं कुणी गिळून टाकली तरी ढिम्म हलत नाही.

त्या बैठकीतल्या मुलीला मी नंतर निरोप पाठवला होता. उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

आत्याला मात्र मी दर रविवारी फोनवर थोडी थोडी गोष्ट सांगतो. सध्या तो जीव एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपलाय आणि भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरातलं बोलणं ऐकून भाषा शिकतोय. त्याला ती अजूनही फ्रँकेनस्टाइनच म्हणते. व्हिक्टरला म्हणते 'तो, पोराला टाकून पळालेला'. मी दुरुस्त करत नाही.